लेकीच्या घरचा करंट

घाटघरात पहाटे धुकं असं बसतं, की शेजारचा कोंबडा आपल्याच ओट्यावर आरवतोय असं वाटावं. त्या धुक्यातून आशाची गाडी निघते ती कुणाला कळतही नाही. पूर्वी तिच्या नवऱ्याची, दत्ताची डिझेलची जीप होती, ती सुरू व्हायची साऱ्या वाडीला उठवून. खोकायची, धूर ओकायची, मग कुठं चार चाकं हलवायची. ही गाडी मांजराच्या पावलानं अंगणातून सुटते. मागं राहतो फक्त ओल्या मातीवरचा चाकांचा माग.

गाडी पांढरी, बुटकी, मंचरच्या एका डॉक्टरांनी वापरून विकलेली. कागद आशाच्या नावावर. दत्ता म्हणाला होता, माझ्या नावावर कशाला, चालवणार तू, मग नाव बी तुझंच असू दे. त्या दिवशी आशानं ते कागद बाळाबाईपुढं, म्हणजे आपल्या सासूपुढं ठेवले. म्हातारीला अक्षर येत नव्हतं. तिनं कागदावरून हात फिरवला, जसा नव्या वासरावरून फिरवतात.

तेव्हापासून घाटघरची माणसं आशाच्या गाडीतून जुन्नरला जातात. कुणी दवाखान्यात, कुणी तहसीलला, कुणी नुसतंच बाजारात. सुट्टीच्या दिवशी नाणेघाट बघायला आलेले पाहुणे असतात. रात्री गोठ्याच्या भिंतीवरच्या जाड प्लगात वायर खोचली की सकाळी गाडीचं पोट भरलेलं. लाईटबिल वाढलं, नाही असं नाही, पण जीप आठवड्यात जेवढं डिझेल प्यायची तेवढ्यात हिचा महिना निघतो. ऑइल नको, फिल्टर नको, मेस्त्रीच्या पाया पडणं नको. टायर मात्र लवकर झिजतात, कारण ठेंगणी असली तरी अंगानं जड. आणि पावसाळ्यात डांब पडून दोन-दोन दिवस लाईट गेली, की गाडी दारात मुकं जनावर उभं राहावं तशी उभी राहते, आणि आशा येता-जाता तिच्याकडं बघत राहते.

जुन्नरच्या स्टँडवरचे जीपवाले सुरुवातीला खूप बोलायचे. वहिनी, सेल बदलले का. वहिनी, रिमोट घरी राहिला वाटतं. आशा हसायची आणि त्यांच्यादेखत सीटा भरून निघून जायची. हळूहळू बोलणं थांबलं. आता त्यांच्यातलाच एक जण गुपचूप येऊन विचारून जातो, की बॅटरी किती वर्षं टिकती. आशा खरं तेच सांगते. नवी होती तेव्हा लांब जायची, आता जरा आखूड झालीय. माणसाच्या दमासारखंच आहे ते, वय झालं की छाती भरते. पण आपली रोजची वाट आपल्याला ठाऊक असली की आखूड दमावरही लांब जाता येतं.

आणि आता तिला लांबच जायचं होतं. पार आण्याच्या पठारावर. लेकीला आणायला.

तिची लेक अश्विनी तिकडं आण्याला दिलेली. सातवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. उद्या आवस, आणि आवस झाली की आठवा लागणार. आठव्यात लेक जागची हलवत नाहीत, ही दुसरी रीत. म्हणजे आणायची तर आजच.

लेकीला सासरहून न्यायला जो जातो त्याला मुऱ्हाळी म्हणतात. ओव्यांमधला मुऱ्हाळी नेहमी भाऊ असतो. डोक्याला जरीचं पागोटं, बुडाखाली घोडं, आणि बहीण उंबऱ्यावर उभी राहून डोळ्यांवर हात धरून वाट बघतेय. अश्विनीला भाऊ नव्हता. लग्नाच्या मांडवातच तिची सासू साळुबाई सगळ्यांसमोर बोलून गेली होती, की पोरगी सोन्यासारखी हाय, पर न्यायला यायचं कुनी? बोलली ती सहज. आशाच्या मनात मात्र ते कुसळासारखं बसून राहिलं.

दत्ता भाताच्या झोडणीत अडकला होता. आशानं कुणाला विचारलंच नाही. आदल्या रात्री गाडी धुतली, मागच्या सीटवर घडीची गोधडी अंथरली. बाळाबाई तांदूळ पाखडत बसली होती, ती सुपाच्या तालावर गुणगुणायला लागली. म्हातारीला जुन्या ओव्या ढिगानं येत, पण ही जुनी नव्हती.

न्हाई घोडं, न्हाई बैल, न्हाई धुराचा गं लोट
माय मुऱ्हाळी निघाली, धरी लेकीचं गं बोट

आशा फडकं हातात धरून तशीच उभी राहिली. सासू आपल्यावर ओवी रचते, हे कुठल्या सुनेच्या नशिबी असतं?

सकाळी बघते तर पुढच्या सीटवर सासरे आधीच बसलेले. नवसूबाबा. नवं पागोटं, मांडीवर काळी घोंगडी, हातात काठी. काठी दारात अडकत होती तरी सोडली नव्हती. बाईमाणसानं एकटीनं व्याह्याच्या दारात जाऊ नये, घरातला कुणी जाणता संगं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आशाला माहीत होतं, म्हाताऱ्याला आणं बघायचंय. नवसूबाबांचा जन्म त्या पठारावरचा. तरणेपणी दर हिवाळ्याला ते मेंढरं घेऊन तिथून निघत, नाणेघाटातून कोकणात उतरत, आणि पावसाच्या तोंडाला परत चढत. एका वर्षी येता-येता घाटघरातच थांबले, जमिनीचा तुकडा घेतला, आणि वाट मागं राहून गेली. नात त्यांनीच हट्टानं परत आण्याला, आपल्या मुळाच्या मातीत दिली होती.

गाडी जुन्नर ओलांडून ओतूरच्या रस्त्याला लागली तसं बाबांचं तोंड सुटलं. ही हितं बारव व्हती. हितं वढ्याला पानी असायचं, पर गढूळ. हितं एक पाटील वावरात मेंढरं बसवून घ्यायचा आणि वर धान्य द्यायचा. त्यांच्या लेखी रस्ता म्हणजे पाण्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर. आशा ऐकत होती आणि तिला वाटत होतं, आपणही असाच रस्ता मोजतो. जुन्नरला प्लग आहे, आळेफाट्याला मोठा चार्जर आहे, त्याच्या पुढं वरच्या माळावर काही नाही. कळप पाण्याच्या हिशोबानं चालायचा, गाडी करंटच्या.

आळेफाट्याला ती थांबली नाही. थांबायची गरज नव्हती, निदान तिला तसं वाटलं. जावई ज्ञानेश्वर गुणी पोरगा. सासूबाई गाडी घेऊन येणार म्हणून त्यानं गोठ्याच्या भिंतीवर खास नवा प्लग बसवून घेतला होता, जाड वायर ओढून. फोनवर फोटोही पाठवला होता. तिथं लावू, जेवणवेळ होईल, ओटी भरणं होईल, तोवर घरी परतण्याइतपत नाही तरी फाट्याला उतरण्याइतपत भरेल, असा तिचा हिशोब. बेल्हं मागं पडलं, गाडी आण्याचा घाट चढली, आणि चढानं आपलं घेतलं. माळ ओलांडून वस्तीशी आली तेव्हा काचेखाली आकडा राहिला होता चौदा. शंभरातले चौदा.

वस्तीवर पोचल्या-पोचल्या ज्ञानेश्वर पळत आला. त्याचे वडील दादाभाऊ मेंढरांमागं लांब गेले होते, म्हणून यजमानपण त्याच्याकडं. पाया पडला आणि लगेच वायर हातात घेऊन गाडीचं झाकण कुठं आहे ते शोधायला लागला. आशानं झाकण उघडलं. एवढ्यात काठी आडवी आली.

"पावणं, ऱ्हाऊ द्या ते," नवसूबाबा म्हणाले.

ज्ञानेश्वरला वाटलं, वायर चुकीची आहे. त्यानं समजावून सांगितलं, की अर्थिंग केलंय, मीटरला पेलतं, काही भीती नाही. म्हातारा मान हलवत राहिला. मग त्यानं काय ते सांगितलं.

"नातीच्या मांडीवर लेकरू खेळंस्तवर आमी या घरचं पानी पीत न्हाई. पानी पीत न्हाई, मंग करंट कसा पिऊ?"

रीत जुनीच. लेकीला मूल होईतो माहेरच्या वडीलधाऱ्यांनी तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. लग्नाला आलेली ही माणसं तेव्हाही पाण्याची कळशी आपल्याबरोबर घेऊन आली होती. आजही आशानं बाटली भरून आणली होती, भाकरी बांधून आणली होती. रीत तिला पाठ होती. पण करंट तिनं त्यात धरलाच नव्हता.

तिनं हळूच म्हटलं, "मामा, करंट तुमी न्हाई पिणार. गाडी पिणार."

"गाडी कुनाची?"

"आपलीच."

"मंग झालं की. बहिनीला आनायला म्या घोडं घिऊन जायचो तवा घोड्याचा चारा घोड्याच्याच पाठीवर बांधून न्यायचो. जनावराला बी लेकीच्या घरचं घातलं न्हाई कधी."

पैसे ठेवू का, असं आशानं विचारलं. म्हातारा म्हणाला, पैसं ठिवलं की सोयऱ्याच्या घराचं दुकान व्हतं. ज्ञानेश्वर नवी कोरी वायर हातात धरून उभा होता, आणि त्याला ती कुठं ठेवावी ते कळत नव्हतं.

ओटी भरली. सोप्यात पाट मांडला, अश्विनी हिरव्या साडीत बसली, आणि तिला बघून आशाचा जीव भरून आला. पोर गोल झाली होती, गालावर तेज होतं. पण सगळा वेळ साळुबाईचं लक्ष बाहेर गाडीकडं. शेवटी ती उठली, आकडा बघून आली, आणि सरळ म्हणाली, की ह्या गाडीतून सून पाठवायची नाही. जीप दारात आहे, टाकी भरलेली आहे, ज्ञानेश्वर घाटघरला सोडून येईल. तुमी तुमची गाडी सवडीनं न्या, इहीणबाई.

आशाला आधी राग आला. विहिणीनं विहिणीचा पाणउतारा करावा, हेही रीतीतच असतं, तसलंच काहीतरी असेल असं तिला वाटलं. मांडवातलं कुसळ पुन्हा टोचलं. आई न्यायला आली आणि रिकाम्या गाडीनं परत गेली, लेक सासरच्याच जीपमधून माहेरी पोचली, असं झालं तर काय राहिलं?

पण साळुबाईचा आवाज टोमण्याचा नव्हता.

"माझा ज्ञानेश्वर खाली घाटात जल्मलाय," ती म्हणाली. "दवाखान्यात निघालो व्हतो. जीप वळनावर बंद पडली. ना खाली जाता येईना, ना वर. दोन अनोळखी बायांनी लुगड्याचा आडोसा धरला. तुमाला काय सांगू, त्या घाटात मला गाडी थांबलेली बघवत न्हाई."

आशाचा राग जागच्या जागी विरला. ही बाई आपल्या लेकीला अडवत नव्हती, जपत होती. आता आशाला स्वतःला विचारावं लागलं, की आपण नुसत्या मानासाठी पोरीला घाटात घालतोय का? ती गाडीपाशी गेली. आकडा पुन्हा पाहिला. इथून घाटाच्या तोंडापर्यंत माळ आहे, तो खाईल. घाट उताराचा, तो खाणार नाही, उलट देईल. नाणेघाटाकडून जुन्नरला उतरताना तो रोज देतो. मग बेल्ह्यापासून फाट्यापर्यंतचा सपाट पट्टा, खरी ओढाताण तिथंच. बसतंय. काठावर बसतंय, पण बसतंय. ती परत आली आणि म्हणाली, की ज्ञानेश्वरनं जीप घेऊन मागं यावं. वाटेत कुठंही गाडी थांबली तर अश्विनीनं तिथल्या तिथं जीपमध्ये बसावं, मी तोंडातून शब्द काढणार नाही. फाट्याला चार्जर आहे, तिथं पोचलो की पुढची काळजी माझी.

साळुबाई सुनेकडं बघायला लागली. सुनेनं खाली बघितलं नाही.

"आत्या," अश्विनी म्हणाली, "मी लहान व्हते तवा आई जीपला धक्का मारायला उतरायची. आता ती चालवती. मला तिच्या गाडीतनं जायचंय."

साळुबाईनं दारातली पांढरी गाडी पुन्हा एकदा बघितली. मग आत गेली, एक गाठोडं घेऊन आली, पदर खोचला आणि गाडीचं मागचं दार उघडलं. सून जाईल तर माझ्या हाताला धरून जाईल, फाट्यापतोर मी बी येते, असं म्हणून ती बसलीसुद्धा. गाडी तिच्या बाजूला जराशी कलली. साळुबाई भरल्या अंगाची बाई होती.

आशानं पंखा बंद केला, काचा खाली केल्या, आणि गाडी हळू सोडली. माळावरचा वारा आत आला, वाळल्या गवताचा, मेंढरांचा वास घेऊन. नवसूबाबांनी डोळे मिटून तो ओढून घेतला. मागं जीपचा घरघर आवाज ठराविक अंतरावरून येत होता. चौदाचे तेरा झाले. तेराचे बारा. साळुबाई दोन सीटांच्या मधून मान घालून आकड्याकडं बघत होती, आणि प्रत्येक आकडा उतरला की तिचा श्वास ऐकू येत होता. घाटाच्या तोंडाशी अकरा.

"इहीणबाई, अजून येळ हाय," ती म्हणाली. "जीपमदी बसवू का पोरीला?"

"थोडं थांबा," आशा म्हणाली. "आता बघा."

उतार लागला. आशानं पाय उचलून घेतला. गाडीनं आपण होऊन स्वतःला आवरलं, जशी शहाणी गाय उतारावर आखडून चालते. काचेखालची, करंट खाल्ला की भरला ते दाखवणारी पट्टी इतका वेळ एका अंगाला होती ती दुसऱ्या अंगाला सरकली. एक वळण गेलं. दुसरं गेलं. अकराचे बारा झाले.

साळुबाईनं डोळे बारीक केले. "हे वाढलं कसं? कुनी घातलं?"

"उतारानं. चढाला घेतलेलं थोडं परत देतो. आणि गाडीत वजन जेवढं जास्त तेवढं जास्त मिळतं." आशानं आरशात बघितलं. "निम्मं तुमचंच हाय, इहीणबाई."

मग अश्विनीला हसू आवरेना, आणि पोट धरून हसताना ती सासूच्या खांद्यावर कलली. साळुबाई म्हणाली, बरं झालं बाई, इतकी वर्सं खाल्लेलं कुनाच्या तरी कामी आलं. नवसूबाबा पुढं बघत होते, पण त्यांची मिशी हलत होती.

आणखी खाली एक मोठं वळण होतं, कडेला वडाचं झाड. ते जवळ आलं तशी साळुबाई सीटवर मागं सरकली. तिचा हात सुनेच्या हातावर आला. कुणी विचारलं नाही, पण सगळ्यांना कळलं. आशानं गाडी अगदी हळू केली. इंजिन नव्हतंच, त्यामुळं काचेतून सगळं आत येत होतं. वडावरचे होले, खाली ओढ्याच्या कपारीत पडणारं पाणी, लांब कुठंतरी देवळातली घंटा.

"त्या दिशी बी असंच शांत व्हतं," साळुबाई म्हणाली. "गाडी बंद पडली म्हनून. आज चालू असून शांत हाय."

वळण मागं गेलं. घाट संपला तेव्हा आकडा तेरा होता. वरून निघाले तेव्हाच्या जवळपास, आणि अवघड वाट सगळी मागं.

पण सपाटीनं आपलं घेतलं. गुळुंचवाडी गेली, बेल्हं गेलं. दहा, नऊ, सात. काचेखाली लाल दिवा लागला. आशा एका ट्रकच्या मागं, त्याच्या वाऱ्याच्या आडोशाला, बेताच्या अंतरानं चालली होती. नवसूबाबांनी बिरोबाचं नाव घेतलं ते आशाला ऐकू आलं, आणि तिला कळलं की म्हाताऱ्यालाही आपल्या रीतीचं ओझं छातीवर जाणवतंय. गाडी थांबली असती तर ते घोंगडी खांद्यावर टाकून घाटघरला पायी निघाले असते, पण मागून येणाऱ्या जीपमध्ये बसले नसते.

आळेफाट्याच्या चार्जरपाशी गाडी टेकली तेव्हा चार उरले होते. आशानं जाड वायर ओढली, गाडीला लावली, आणि खटका बसल्याचा आवाज आला. तिनं गाडीच्या टपावर तळहात ठेवला. उन्हानं टप तापलेला होता, तरी तिनं हात काढला नाही. ज्ञानेश्वर जीप लावून आला. आकडा बघून त्यानं सासूकडं बघितलं, आणि हात जोडले. आशाला हसू आलं, पण मान ताठ झाली ती झालीच.

गाडी भरायला वेळ होता. शेजारी लिंबाखाली सावली होती. साळुबाईनं गाठोडं सोडलं. आत पुरणाच्या पोळ्या होत्या, घरी ताटात वाढल्या आणि कुणी शिवल्या नव्हत्या त्या. ती नवसूबाबांसमोर बसली.

"बाबा, हे माझं घर न्हाई," ती म्हणाली. "हितं उंबरा न्हाई, चूल न्हाई. ह्यो रस्ता हाय. रस्त्यावर वाटसरू वाटसरूला देतो, तुमी मेंढरामागं हिंडलेलं मानूस, तुमाला म्या काय सांगावं."

नवसूबाबांनी लिंबाकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं, चार्जरच्या दिव्याकडं पाहिलं. बराच विचार केला. मग पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि हात पुढं केला. पहिला घास त्यांनी अश्विनीला दिला. दुसरा स्वतः घेतला. वस्तीत पाऊल ठेवल्यापासून त्यांनी घशाखाली काही उतरवलं नव्हतं, हे आशाच्या तेव्हा ध्यानात आलं.

गाडीनं पोट भरून घेतलं. ज्ञानेश्वर म्हणाला, चल आये, आता उशीर व्हतोय, जीपमदी बस. अश्विनी सासूच्या पाया पडली. साळुबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली, दोन पावलं जीपकडं गेली, आणि थांबली. पांढऱ्या गाडीकडं वळून बघितलं.

"तू जा," ती लेकाला म्हणाली. "धार तुझी तू काढ. मला घाटघर बघायचंय."

ज्ञानेश्वरला वाटलं, आई थट्टा करतेय. पण ती तोवर मागच्या सीटवर बसून गोधडी सारखी करत होती. म्हणत होती, सून पोचेस्तवर मला काय जेवन गोड लागायचं न्हाई, आणि ह्या इहीणबाईचं घर तरी बघू दे, जिथं बाया गाडी हाकतात. उद्या आवस हाय, परवा येते माघारी. सोडशील न्हवं गं, आशा?

ती पहिल्यांदाच आशाला नावानं हाक मारत होती.

"सोडीन की," आशा म्हणाली. लेकीला न्यायला भाऊ गेले, चुलते गेले, घोडी गेली, बैलगाड्या गेल्या. पण लेकीबरोबर तिची सासू हौसेनं आपल्या गाडीत येऊन बसलीय, असं तिच्या माहितीत कुणाचंच झालं नव्हतं.

ती चाकावर बसली. नवसूबाबांनी काठी आत घेतली, या खेपेला दारात अडकू न देता. गाडी आवाज न करता ओतूरच्या रस्त्याला लागली. थोडं पुढं गेल्यावर मागून साळुबाईनं विचारलं, घाटघरला चढ हाय का?

"हाय. मोठा हाय."

"मंग माझं वजन?"

"चढाला खातंय थोडं."

साळुबाईनं अश्विनीचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. "खाऊ दे," ती म्हणाली. "गाडीला आता काय कमी हाय."

आशानं पाय दाबला. समोर लांबवर सह्याद्रीची रांग निळी दिसत होती, आणि रस्ता सरळ तिच्याकडं जात होता.